डावीकडचं माप

आई, काल विंचूरला एका बाईने मला तुझ्याबद्दल एक साधा प्रश्न विचारला आणि मी तिला खोटं उत्तर दिलं. कांद्याच्या खळ्यावर कार्यक्रम होता. खळं म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तू सायखेड्याची. मोठी पत्र्याची शेड, आत कांद्याचे ढीग आणि ढिगांच्या कडेने कांदा निवडत बसलेल्या पन्नास-साठ बाया. जेवणाच्या सुट्टीतला पाऊण तास मालकाने आम्हाला दिला होता. मागे फ्लेक्स लावला होता. त्याच्या एका बाजूला मी, वीस वर्षांपूर्वीची, मुकुट घातलेली, आणि दुसऱ्या बाजूला तू, रेशनकार्डासाठी काढलेल्या फोटोतली, कपाळाला आठ्या घातलेली. मी माझं नेहमीचं भाषण केलं. छातीत गाठ हाताला लागली, आकार बदललासा वाटला, तर लाजू नका, लगेच दाखवा. आणि शेवटी माझं नेहमीचं वाक्य: "माझ्या आईने कुणालाच सांगितलं नाही. ती लाजली. म्हणून ती आज नाही." जेवणारे हात थांबले. या वाक्याला ते थांबतातच. मग पुढच्या रांगेतली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली चाळिशीची एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या आईनं लेकीला बी नाय सांगितलं का हो?" मी म्हटलं, "नाही हो. कुणालाच नाही."

आज दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. चहा दोनदा गार झाला. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त मी हे भाषण करत हिंडते आहे. महिला मंडळं, कॉलेजं, कारखान्यांची कॅन्टीन, बाजार समित्या, जिथे बोलावतील तिथे. मुकुटाचे खडे केव्हाच गळाले, तो आता माळ्यावर एका डब्यात पडलाय, पण सूत्रसंचालक काही तो माझ्या डोक्यावरून उतरू देत नाहीत. "आपल्या नाशिकची सौंदर्यवती" म्हणूनच अजून ओळख करून देतात. मी पंचेचाळिशीची, गुडघे कुरकुरणारी बाई मंचावर चढते आणि लोक एकदा फ्लेक्सकडे, एकदा माझ्याकडे बघतात. त्याचं मला काही वाटत नाही. उलट त्या मुकुटामुळेच बाया ऐकायला येतात, म्हणून मी तो चालवून घेते. मला वाटतं ते फ्लेक्सच्या दुसऱ्या बाजूचं. तिथे तू आहेस, आणि तुझ्याखाली ठळक अक्षरांत छापलेलं असतं, "तिने कुणालाच सांगितलं नाही." अर्ध्या जिल्ह्याला आता तू लाजाळू, अडाणी बाई म्हणून माहीत आहेस. आणि हे मी केलं आहे.

तू, आणि लाजाळू! नाशिक रोडला आपल्या कॉलनीत तुझ्यासमोर लाजायची सोय कुणाला होती? गॅलरीत तुझं मशीन, आतल्या खोलीच्या दाराला जुन्या साडीचा पडदा, आणि पडद्यामागे ब्लाउजची मापं. नोकरीवर जाणाऱ्या बाया संध्याकाळी घरी जाता जाता आधी तुझ्याकडे यायच्या. नवीन लग्न झालेली एखादी पदर घट्ट धरून उभी राहायची, तेव्हा तू तोंडात टेप धरून म्हणायचीस, "सोड गं पदर. मला काय तुझा फोटो नाय काढायचा, कापड कापायचंय." ती हसायची आणि खांदे सैल सोडायची, तेवढ्यात तुझं माप घेऊन झालेलं असायचं. सगळ्यांची मापं तुझ्या लांबट वहीत, प्रत्येकीचं एक पान. मी शाळेतून आले की हात धुऊन तुझ्याजवळ वही घेऊन बसायचे आणि तू आकडे सांगायचीस. छाती, कंबर, खांदा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा, आणि खांद्यापासून टक्सपर्यंत. टक्स म्हणजे छातीवर येणारी ती चूण, ब्लाउज बसतो की नाही ते तिच्यावर ठरतं. बाकीचे शिंपी हे माप एकाच बाजूने घेतात. तू दोन्ही बाजूंनी घ्यायचीस. देवाने कुणालाही दोन बाजू सारख्या दिल्या नाहीत, असं तुझं म्हणणं होतं.

त्याच सवयीने तू समोरच्या इमारतीतल्या काकूंना वाचवलंस. मी बारावीत होते तेव्हा. दिवाळीचा ब्लाउज शिवायला त्या आल्या, आणि गेल्या वेळच्या मापात आणि आताच्या मापात एका बाजूने फरक आला. तू टेप खाली ठेवलास. त्यांना चहा दिलास. मग अगदी सहज, भाजी निवडता निवडता म्हणावं तसं म्हणालीस, "काकू, उजवीकडं एकदा डॉक्टरला दाखवून या. ब्लाउज मी नंतर शिवते." त्या रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तू तिसऱ्या दिवशी चपला घालून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस, "चला, मी येते संगं." काकू अजून आहेत, आई. पंच्याहत्तरीच्या झाल्यात. माझ्या नाशिक रोडच्या कार्यक्रमाला त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मी ते वाक्य म्हटलं तेव्हा त्या खाली बघत होत्या. नंतर भेटून एवढंच म्हणाल्या, "तुझी आई लाजणारी नव्हती गं." मी म्हटलं, "स्वतःच्या बाबतीत लाजली, काकू." त्यांनी माझा हात थोपटला आणि मी गाडीत बसले.

आता त्या उन्हाळ्याबद्दल. तू मला कधी विचारलं नाहीस, म्हणून मीही कधी बोलले नाही. स्पर्धेच्या शेवटच्या फेरीसाठी माझी निवड झाली होती आणि घर डोक्यावर घेतलं होतं मी. सकाळी गरम पाणी आणि लिंबू, दुपारी काकडी, भाकरी बंद. डोक्यावर पुस्तक ठेवून गॅलरीपासून मोरीपर्यंत चालायचं. तू मशीनवरून बघायचीस आणि म्हणायचीस, "लय वाळली तू. त्या मुकुटाला डोकं तर ठेव खाली." मला राग यायचा. एकदा मी ताटातली भाकरी तशीच परत टाकली तेव्हा तू जोरात बोलली होतीस, "अन्नाला नाय म्हणणारी पोरगी जगाला काय सांगणार?" मी दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. आणि तरी त्याच दिवशी संध्याकाळी तू माझा गाऊन बेतायला घेतलास. गाऊन तू आयुष्यात कधी हाताळलेला नव्हतास. पेपरातलं एक चित्र मशीनसमोर टाचणीने लावलेलं होतं आणि त्यावरून तू तो सात वेळा उसवून आठव्यांदा शिवलास. घेर खाली नीट पडेना, म्हणून तू त्याला आतून साडीचा फॉल लावलास. मी किंचाळले, "आई, गाऊनला कुणी फॉल लावतं का?" तू म्हणालीस, "कापड कापड असतं. चालून बघ." मी चालले आणि घेर असा पडला की मी वळून पुन्हा मोरीपर्यंत चालून आले. परीक्षकांनी नंतर त्या घेराचंच कौतुक केलं. परदेशी शिवण का, असं विचारलं. मी हसून मान डोलावली होती, आई. तोंडाने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

फायनलला तीन आठवडे होते. दुपार आहे, बाबा ड्युटीवर गेलेत, तू जेवणाची भांडी घासून हात पुसत आत येतेस आणि टेप माझ्या हातात देतेस. "माझं माप घे गं." मी आरशासमोर उभी आहे, पायात ते उंच टाचांचे सँडल. मला हसूच येतं. तू स्वतःचं माप कधी घेतलेलं नाहीस. जुना ब्लाउज कापडावर पसरायचा आणि कात्री चालवायची, एवढंच तुझं स्वतःसाठीचं शिवण. मी म्हणते, "जुना ब्लाउज घे की." तू म्हणतेस, "जुना बसत नाय आता. घे तू. दोन्ही बाजूंनी घे." मी सँडल न काढताच तुझं माप घेते. छाती, कंबर, सगळं. खांद्यापासून टक्सपर्यंत उजवीकडे दहा. डावीकडे साडेनऊ. मी म्हणते, "आई, सरळ उभी राहा ना." तू सरळ होतेस. पुन्हा साडेनऊ. टेपच्या टोकाशी माझी बोटं तुला लागतात, तिथे काहीतरी टणक असतं, आणि तू एकदम श्वास घेतेस. मी म्हणते, "तू नेहमी वाकून मशीनवर बसतेस, खांदा उतरलाय तुझा." वहीत तुझ्या नावाचं पान काढते, पहिल्यांदाच, आणि दोन्हीकडे दहा लिहिते. तू पडद्यापाशी तशीच उभी असतेस. काहीतरी म्हणशील म्हणून मी थांबतही नाही. मला पुस्तक डोक्यावर ठेवून चालायचं असतं.

एवढंच असतं तरी मी स्वतःला समजावलं असतं की मला कळलं नाही. पण चार दिवसांनी तू नीट, शब्दांत सांगितलंस. ओट्याशी उभी होतीस, कढईत मिरच्या परतत होतीस, आणि खकाणा उठल्याने आपण दोघी खोकत होतो. तू माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "डावीकडं हाताला गाठ लागते. दवाखान्यात जायचं होतं. तू येती का संगं?" मी म्हटलं, "जाऊ ना. फायनल झाली की लगेच जाऊ." तू म्हणालीस, "बरं." मी तुझा चेहरा पाहिला नाही. तू काही लाजली नव्हतीस, आई. तुला भीती वाटत होती. काकूंच्या दारात तू चपला घालून उभी राहिली होतीस, तसं तुझ्या दारात कुणीतरी उभं राहावं, एवढंच तुला हवं होतं. ते कुणीतरी मी होते आणि मला वेळ नव्हता.

फायनल झाली. मी जिंकले. नाशिक रोड स्टेशनपासून कॉलनीपर्यंत उघड्या जीपमधून माझी मिरवणूक निघाली. तू मागच्या रिक्षात होतीस, हारांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. त्यानंतर दुकानांची उद्घाटनं, गणेश मंडळांच्या आरत्या, मुंबईच्या फेऱ्या. तू पुन्हा विचारलं नाहीस. माझी फायनल संपलीच नव्हती असं तू धरून चाललीस बहुतेक. आठ महिन्यांनी बाबांनी तुझा हात वर जात नाही हे पाहिलं, तेव्हा आपण गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" तू खुर्चीत बसली होतीस, मी शेजारी उभी. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "आत्ताच समजलं, साहेब. कुणाला बोलले नाय." मी गप्प राहिले. बाबाही मग सगळ्यांना तेच सांगत राहिले, कुणाला बोलली नाही बिचारी. तू माझ्यासाठी ते खोटं बोललीस, आणि मी ते उचललं, धुतलं, इस्त्री केली आणि मंचावर नेलं.

पहिल्यांदा एका शाळेतल्या पालक सभेत बोलले, तेव्हा ते वाक्य ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. बाया रडल्या. दोघी जणी दुसऱ्याच दिवशी तपासायला गेल्या आणि त्यांतल्या एकीचं वेळेत सापडलं. ती दर भाऊबीजेला मला फोन करते. मग कसं सोडू ते वाक्य? मी स्वतःला सांगत आले, आई जिथे असेल तिथे म्हणेल, माझं खोटं कुणाच्या तरी कामी आलं, बरं झालं. वर्षानुवर्षं मी असंच तुझ्या तोंडी माझ्या सोयीची वाक्यं घालत आले. काल विंचूरला कळलं की ते वाक्य काय करतं.

कारण त्या बाईचा प्रश्न तिथे संपला नव्हता. मी "कुणालाच नाही" म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. खरंच खुलला. ती म्हणाली, "मग माझं बरं हाय. मी हिला सांगितलंय." आणि शेजारी बसलेल्या, तिच्याच ढिगावर कांदा निवडणाऱ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. एकोणीस-वीस वर्षांची असेल, हातात रबरी मोजे, ओढणी तोंडावरून बांधलेली. मुलीने ओढणी खाली केली आणि मला म्हणाली, "हो ताई, सांगितलंय तिनं मला. सीझन उतरला का नेते मी तिला दवाखान्यात. आता सुट्टी नाय देत." तिच्या आवाजात काही खोट नव्हती. ती नेणारच होती. मीसुद्धा नेणारच होते. आयोजक म्हणाले, "वा, बघा, आपल्या भगिनी किती जागरूक आहेत," आणि टाळ्या झाल्या. कुणीतरी फोन वर धरला. मी त्या मायलेकींच्या मधे उभी राहिले, दोघींच्या खांद्यांवर हात टाकले आणि हसले. ते हसू मला वीस वर्षं येतंय, त्याला काही करावं लागत नाही. फोटो निघाला. सुट्टी संपली. बाया परत ढिगांपाशी गेल्या.

गाडी निफाडच्या पुढे आली तेव्हा मला थांबवावी लागली. ड्रायव्हरने पाणी दिलं, उन्हाचा त्रास होतोय का विचारलं. मी हो म्हटलं.

आज सकाळी तिथल्या आशाताईंना फोन केला. त्या गावोगाव फिरून बायांची चौकशी करतात, त्यांना ती बाई माहीत आहे. उद्या सकाळी आठला मी विंचूरला पोचते, खळं सुरू होण्याआधी. मालकाशी मी बोलेन. माझ्या मुकुटाचा अजून तेवढा उपयोग आहे. दोघींना गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेईन आणि संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसेन. हे अवघड नाही. अवघड आहे ते आधी त्या मुलीला सांगणं. मघापासून ओट्याशी उभी राहून म्हणून बघते आहे, "माझ्या आईने मला सांगितलं होतं." पाच शब्द आहेत. हजार माणसांसमोर न अडखळणारी मी, रिकाम्या स्वयंपाकघरात तिसऱ्या शब्दाला अडकते. आणि तिला सांगितलं की मग फ्लेक्सही बदलावा लागेल. लोक काय म्हणतील ते म्हणोत. काकूंना मात्र मी स्वतः जाऊन सांगेन, चपला घालून, त्यांच्या दारात.

तुझी मापाची वही माझ्याकडे आहे. तू गेल्यावर मशीन मावशीला दिलं, कात्र्या वाटल्या, वही मी ठेवली. सगळी वही तुझ्या अक्षरात किंवा तुझ्या सांगण्यावरून लिहिलेल्या माझ्या शाळकरी अक्षरात. फक्त तुझं पान मी एकटीने लिहिलेलं आहे. हे पत्र त्याच पानात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या पानावर डावीकडचा माझा दहा पेन्सिलने खोडलेला आहे आणि खाली तुझ्या अक्षरात साडेनऊ. माझी शुद्धलेखनाची वही दुरुस्त करायचीस तशीच, न रागावता, न बोलता. तू गेल्यावर वही चाळताना ते दिसलं, असं मी बाबांना सांगितलं होतं.

ते खरं नाही, आई. फायनलच्या आदल्या दिवशी आयोजकांच्या फॉर्मवर माझी मापं भरायची होती, म्हणून मी वही उघडली होती. तुझं पान माझ्या पानाला लागूनच आहे. मी तो साडेनऊ तेव्हाच पाहिला, आणि वही मिटली.